बाई मे महिन्यात जायच्या

चपलेचा अंगठा तुटला तेव्हा सोपान सोसायटीच्या गेटातून लिफ्टकडे निघाला होता. हातात पिशवी होती. तिच्यात उद्याच्या कार्यक्रमासाठी लेकीनं आणायला सांगितलेल्या मेणबत्त्या, अगरबत्तीचे पुडे आणि पांढरं कापड. वाकडमधली मे महिन्यातली दुपार. पार्किंगच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर सावली नव्हती आणि माणूसही नव्हतं. तुटलेली चप्पल उचलायला तो वाकला, उजवा पाय उघडा टेकला आणि चटका बसून वर आला. पुन्हा टेकला, पुन्हा वर आला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं डावी, धड असलेली चप्पलही काढली आणि तो तिथंच उभा राहिला. एक पाय वर, मग दुसरा वर, मग पुन्हा पहिला. वॉचमन खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, बाबा, सावलीत या, पाय भाजतील. सोपानला ते ऐकू आलं, पण कानात दुसराच आवाज भरला होता, हसू दाबून बोलणारा. "अहो, तसं नाही. पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकदम. मग पुढचा उजवा, मागचा डावा. नाहीतर पडेल ना ते."

जुन्नरच्या भाड्याच्या घराची गच्ची. ज्योत्स्ना दोन्ही तळहात आणि दोन्ही पावलं तापलेल्या कोब्यावर टेकून ओणवी, पदर कमरेला खोचलेला, नुकतीच वाळवंटातून आलेली, नाकाचं साल निघालेलं, ओठ फुटलेले. तिकडं बेडकासारख्या तोंडाचा एक बोटाएवढा सरडा असतो, त्याला वाळू सोसेनाशी झाली की तो पाय कसे उचलतो, ते ती दाखवत होती. पाण्याच्या टाकीवर बसलेली लहानगी प्रज्ञा हसून हसून खाली पडायच्या बेतात होती. खालच्या घरमालकीणबाई पापड वाळत घालायला जिना चढून आल्या, शाळेतल्या बाईंना तशा अवस्थेत बघितलं आणि पापडांसकट परत उतरल्या. सोपान दारात उभा होता, एसटीच्या वर्कशॉपमधून आलेला, हाताला ग्रीस. तो हसला नव्हता. त्याला वाटलं होतं, ही अजून पूर्ण आलेली नाही. बॅग आली, अंग आलं, बाकीची पाठीमागून येतीय.

वर फ्लॅटमध्ये येऊन त्यानं बादलीत पाणी घेतलं आणि पाय सोडून बसला. ती गच्ची डोळ्यांसमोरून जात नव्हती आणि ती जाऊ नये म्हणून तो हलत नव्हता. कारण गेलं वर्षभर त्याला एक भीती होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. डोळे मिटले की ज्योत्स्ना दिसायची ती दवाखान्यातली. नाकावर मास्कचा वळ, गालांची हाडं वर आलेली, केस विरळ. त्याच्या आधीची दिसतच नव्हती. इतकी वर्षं जिच्याबरोबर काढली ती बाई कुणीतरी पुसून टाकली होती आणि तिच्या जागी शेवटच्या थोड्या दिवसांतली एक परकी म्हातारी आणून बसवली होती. फोटो बघावा तर भिंतीवरचा फोटो शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ती कुणाचीच नव्हती, जिल्हा परिषदेची होती. आणि आता हे साल निघालेलं नाक. नाकाच्या शेंड्यावर खालची गुलाबी कातडी, तिच्यावर ती खोबरेल लावायची आणि ते तेल उन्हात चमकायचं.

प्रज्ञा ऑफिसातून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता आणि बादलीतलं पाणी कोमट झालं होतं. तिनं पाय बघितले, मलम लावलं, आणि लावता लावता पुन्हा तेच विचारलं, जे ती आठवडाभर विचारत होती: उद्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला दोन शब्द बोलाल ना? आईच्या शाळेतले लोक बोलतील, सरपंच बोलतील, घरातलं कुणी नको का? तो नेहमीसारखं नको म्हणाला. घरात बोलायचं काम ज्योत्स्नाचं होतं. त्याचं काम ऐकायचं. जून महिना जवळ जवळ सगळा तो ऐकत असे, कारण मे महिना ती नसे.

ती पहिल्यांदा नोकरीला लागली ती आहुप्याच्या शाळेत, पार घाटमाथ्यावर. लग्न झालं तेव्हा ती तिथंच होती आणि सोपान शनिवारी एसटीनं जाऊन रविवारी परत यायचा. जून ते ऑक्टोबर तिथं काही वाळत नसे. साडी दोरीवर आठ-आठ दिवस ओली, हजेरीपटाला बुरशी, चुलीपाशी ठेवलेलं मीठ पाण्यासारखं, देवराईतून चालत आलं की घोट्यांना जळवा. धुकं वर्गात यायचं आणि मागच्या ओळीतली पोरं दिसेनाशी व्हायची. लोक जिवाला जीव देणारे होते, तिला त्यांच्याविषयी काही म्हणायचं नव्हतं. पण एका रविवारी तो निघताना ती त्याला म्हणाली होती, "मला एकदा कडकडीत कोरडं कुठंतरी घेऊन चला. मी आतून शेवाळलीये." सोपानचा धाकटा भाऊ सुनील तेव्हा फौजेत होता, बाडमेरकडं. नवरा-बायको फिरायला महाबळेश्वरला जातात, तशी ही दोघं मे महिन्यात रेल्वेनं बाडमेरला गेली. वहिनीनं, फुलाबाईनं, अवसरीच्या घरात हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, एवढं ऊन काय आपल्याकडं पडत न्हाई व्हय.

सुनीलनं त्यांना ओळखीच्या एका गावात नेलं. जमना नावाच्या म्हातारीच्या घरी उतरवलं, तिला सगळं गाव काकी म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना गावाबाहेर गेली ती दुपार होईतो आलीच नाही. सोपान शोधत गेला. वाळूच्या टेकड्या संपून जिथं कडक, खडीची जमीन लागते तिथं ती मातीत बसली होती आणि समोर, थोड्या अंतरावर, जमिनीतल्या एका बिळाच्या तोंडाशी एक जनावर बसलं होतं. हातभर लांब, मातीच्या रंगाचं, शेपटी सगळी काट्याकाट्यांची. सोपान दोन पावलं मागं सरला. लहानपणी झोपेत मानेवर पाल पडली होती, तेव्हापासून त्याला पाल, सरडा, घोरपड, या जातीचं काहीही दिसलं की हातापायाला मुंग्या यायच्या. वर्कशॉपमध्ये गाडीखाली निजून इंजिन उतरवणारा माणूस, पण दिव्यामागून पाल निघाली की खोलीबाहेर. ज्योत्स्नानं मागं न बघता हात वर करून त्याला थांबवलं. ते जनावर पुढं आलं, एका खुरट्या झुडपाची पिवळी फुलं त्यानं शांतपणे खाल्ली, आणि पुन्हा दाराशी जाऊन बसलं, पारावर म्हातारा माणूस बसतो तसं. "गवत खातं," ती कुजबुजली. "एवढा अक्राळविक्राळ आणि फुलं खातो." त्याला सांडा म्हणतात हे काकीनं सांगितलं. त्या दिवशी ज्योत्स्नाचं जे व्हायचं ते झालं.

त्यानंतर तिचा मे महिना तिचा राहिला नाही, किंवा तोच एक तिचा राहिला. परीक्षा संपायच्या, निकाल लागायचे, आणि ती निघायची. पहिली काही वर्षं सुनील तिकडं होता, मग त्याची बदली झाली, तरी काकीचं घर होतं. प्रज्ञा झाली तेव्हा एक वर्ष चुकलं, तेवढंच. तिनं शोधलं असं काही नाही. कुठं लिहिलं नाही, कुठं छापून आलं नाही. ती जाऊन बसायची आणि बघायची. सांडा, वाळूत पोहल्यासारखी जाणारी गुळगुळीत सापसुरळी, दोन तोंडांचं मांडूळ, अंग घासून करवतीसारखा आवाज काढणारं फुरसं. फुरसं काय, अवसरीच्या माळावरही होतं. पण तिकडचं वेगळं, असं ती म्हणायची, आणि कसं वेगळं ते सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा, जशी माहेरची माणसं आठवताना बायकांचा होतो. लोक बोलायचे. शाळेत तिला मागून सरडाबाई म्हणायचे. वर्कशॉपमध्ये सोपानला विचारायचे, काय राव, वहिनीसाहेब माहेरी का? तिकडं कुणी हाय का काय? तो पाना फिरवत राहायचा. त्याला राग येत नसे असं नाही. पण मे महिन्यात, प्रज्ञाची वेणी घालताना, तिला आमरस करून घालताना, गच्चीवर दोघांच्या गाद्या टाकून आडवं होताना त्याला एक गोष्ट कळत असे, जी त्या लोकांना कळत नव्हती. जी बाई जून महिन्यात परत येते ती मार्चमधल्या बाईपेक्षा हलकी असते. तिच्या बोलण्यात जागा असते. ती भाजी चिरताना गुणगुणते. ती तिकडं काय ठेवून येत असेल ते येवो, त्याच्यासाठी जे आणत होती ते त्याला पुरत होतं.

रात्री त्यानं प्रज्ञाला एवढंच विचारलं, तुला जुन्नरचा तो बाजार आठवतो का. ती म्हणाली, कुठला बाजार. ती तेव्हा लहान होती, तो सगळा उन्हाळा आत्याकडं राहिलेली. म्हणजे हे फक्त त्याच्याकडं होतं आता. अंथरुणावर पडल्यावर त्याला ते चुकीच्या क्रमानं आठवलं. आधी वास आला, कढईतल्या तेलाचा, आणि मग रविवार.

जुन्नरचा आठवडे बाजार, होळी नुकती होऊन गेलेली. ज्योत्स्ना कांदे घेत होती आणि सोपान पिशवी धरून उभा होता. बाजाराच्या टोकाला बाप्यांचा घोळका होता, हसणं चाललं होतं, मध्येच कुणीतरी शिट्टी मारली. असल्या घोळक्यांकडं बायका बघत नसत. ज्योत्स्नानंही बघितलं नसतं, पण दोन माणसं बाजूला झाली आणि मधल्या फटीतून तिला ते दिसलं. ती पिशवी, कांदे, नवरा सगळं सोडून चालत गेली आणि गर्दीत शिरली. सोपान मागं धावला. फेटा बांधलेला एक माणूस जमिनीवर बसला होता, समोर स्टोव्हवर छोटी कढई, रांगेत बाटल्या, आणि एका मळक्या चादरीवर सांडे. जिवंत. पुढचे पाय हलत होते, माना हलत होत्या, पण जागचे सरकत नव्हते. पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पाठी मोडलेल्या होत्या. तो माणूस हिंदीत सांगत होता, मर्दानी ताकद, सांधेदुखी, अमुक, तमुक, आणि बाप्ये हसत होते. एक बाई आत आली म्हटल्यावर हसणं आणखी वाढलं. कुणीतरी म्हणालं, बाई, घरच्यांसाठी नेता का.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. सोपानला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, कढई पालथी करेल. घोळक्यातल्या पहिल्या ओळीत त्याच्या ओळखीचे दोघे होते, आणि त्याचे कान तापले होते, आणि समोर ती चादर, म्हणून तो तिच्या मागंच उभा राहिला. पण ज्योत्स्नानं त्या माणसाला फक्त विचारलं, कुठल्या गावचा. आणि ते तिनं हिंदीत विचारलं नाही. काकीच्या घरात जसं बोलतात तसं विचारलं, मोडकं, पण त्याच चालीचं. तो माणूस बोलायचा थांबला. त्यानं गाव सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे जमना काकीच्या भावाचं गाव. मग तिनं त्याला विहीर कुठं आहे ते सांगितलं, शाळेमागं खेजडीचं झाड आहे ते सांगितलं, आणि त्या झाडापासून पलीकडच्या पांढऱ्या खडकापर्यंत सांड्यांची बिळं आहेत, दरवर्षी आपण तिथं जाऊन बसतो, तेही सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. घोळक्याला यातलं काही समजलं नाही. मजा संपली तसे लोक एकेक करून हलले. त्या माणसानं स्टोव्ह विझवला. मग खाली मान घालून म्हणाला की त्याच्या लहानपणी आईला ताप आला तेव्हा काकीनं त्याला दूध पाजलं होतं. काकीला सांगू नका, म्हणाला. त्यानं चादरीची चारही टोकं धरून गाठोडं बांधलं आणि तिच्यापुढं ठेवलं. मग मागच्या पोत्यातून एक लहान पिशवी काढून तीही ठेवली, आणि बोट दाखवून म्हणाला, ह्याची कंबर अजून शाबूत आहे.

घरी येऊन ती थेट वर गेली. गच्चीवर तिनं चादर उघडली. तीन मोडलेले होते, आणि पिशवीतला एक धड. दुसऱ्या दिवशी ती वनखात्याच्या ऑफिसात जाऊन आली. तिथले साहेब भले होते, म्हणाले, आमच्याकडं ह्यांची काही सोय नाही, तुम्ही सांभाळा, नेऊन सोडायचं तर कागद करून देतो. म्हणून ती चारही जनावरं सोपानच्या डोक्यावर, गच्चीत राहिली. धड असलेला एका लाकडी खोक्यात, बाकीचे उघड्यावर. ते कुठं जाणार होते. ती मेथी, हरभऱ्याचा पाला हातानं तोडून त्यांच्या तोंडापुढं धरायची. सोपान गच्चीवर जायचा बंद झाला. निजल्यावर त्याला वर पाय सरकल्याचा आवाज यायचा, जो येणं शक्यच नव्हतं.

आणि मग ती दुपार. ज्योत्स्नाला परीक्षेच्या कामाला लांबच्या शाळेत जायचं होतं, यायला उशीर होणार होता. सकाळी तिनं त्या तिघांना उन्हात ठेवलं होतं, थोडं ऊन लागतं त्यांना, आणि शेजारच्या मुलीला सांगितलं होतं की अकराला त्यांना सावलीत घे. ती मुलगी विसरली. सोपान दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता आणि कशासाठी तरी, टॉवेल काढायला असेल, गच्चीचं दार उघडून उभा राहिला. दोन स्थिर होते. तिसरा तोंड उघडं टाकून पडला होता. आतलं गुलाबी दिसत होतं. सावली त्याच्यापासून वीतभर लांब होती. तो पुढचे पाय कोब्यावर रोवून अंग ओढायचा प्रयत्न करत होता, आणि मागचं अंग येत नव्हतं. पुन्हा रोवायचा, पुन्हा थांबायचा. सोपाननं खाली बघितलं, कुणाला हाक मारता येईल का. गल्ली दुपारच्या उन्हात मोकळी होती. तो परत जिन्यात आला, तीन पायऱ्या उतरला, उभा राहिला. त्याला घाम फुटला होता आणि मानेवर, बरोबर त्या जुन्या जागी, काहीतरी गार चालत होतं. मग त्याच्या खिशात वर्कशॉपचं फडकं होतं ते त्यानं दोन्ही हातांवर पसरलं आणि वर गेला. डोळे मिटून उचलावं असं वाटलं, पण मिटून दिसणार कसं, म्हणून उघडे ठेवले. फडक्यातून पहिलं जे लागलं ते काटे नव्हते. पोट होतं. मऊ, तापलेलं, आणि आत भराभर काहीतरी उडत होतं, इतकं जोरात की ते त्या जनावराचं आहे की आपल्या बोटांचं ते त्याला कळेना. त्यानं त्याला सावलीत ठेवलं. मग बाकीच्या दोघांनाही. तांब्यातलं पाणी बोटानं त्याच्या तोंडाशी सोडलं. त्यानं जीभ लावली. सोपान कामावर गेला नाही. तो त्यांच्याजवळ, हातभर अंतर ठेवून, ती येईपर्यंत बसून राहिला.

तो तिला काही बोलला नाही. पण तिनं सावलीत कोब्यावर पडलेलं ग्रीसचं फडकं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि त्याच्या शेजारी बसली. ते तिघंही नंतर एकामागोमाग एक गेले, पाठ मोडलेलं जनावर जगत नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिनं त्यांना खालच्या परसात पुरलं, आणि प्रत्येक वेळी खड्डा सोपाननं खणला.

त्या वर्षी मे महिन्यात तो तिच्याबरोबर गेला. धड असलेला सांडा एका कापडी पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, डबा सोपानच्या मांडीवर. गाडीत समोरच्या बाकावरचे लोक विचारायचे, मिठाई आहे का. काकी खूप थकली होती, तिनं सोपानला ओळखलं नाही पण ज्योत्स्नाचा चेहरा दोन्ही हातांत धरून ठेवला. पहाटे ती दोघं पांढऱ्या खडकापाशी गेली. ज्योत्स्नानं पिशवी जमिनीवर उलटी केली. सांडा बाहेर आला आणि तिथंच बसला, गारठलेला, काळपट. ऊन आलं तसा त्याचा रंग फिका होत गेला, डोळ्यांदेखत, भाकरी तव्यावर पांढरी पडते तसा. मग तो उठून पळाला आणि समोरच्या बिळात घुसला. लगेच बाहेर आला, मागून घरमालक. दुसऱ्या बिळाशी गेला, तिथूनही हाकलला. ज्योत्स्ना एकीकडं हसत होती आणि दुसरीकडं डोळे पुसत होती. शेवटी तो दूर, एकटा, एका झुडपाच्या बुडाशी गेला आणि माती उकरायला लागला. तिची साडी वाऱ्यानं अंगाला चिकटली होती, नाक सोलवटलं होतं. ती वळून त्याला म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही मला एक दिवस थांबवाल. सगळे म्हणायचे, थांबवतील." सोपाननं विचारलं, कशापासून. ती पुन्हा त्या झुडपाकडं बघू लागली. पुढं आयुष्यभर तिनं ते वाक्य पुन्हा काढलं नाही, आणि त्यानंही नाही.

नंतरच्या वर्षांत तिचे गुडघे गेले, काकी गेली, तिकडं जाणं सुटलं. निवृत्त होऊन दोघं अवसरीच्या घरात आली तेव्हा ती घरामागच्या माळावर जाऊन बसू लागली. इथंही कोरडं आहे की, म्हणायची, मी उगाच इतकी लांब गेले. पण ते खरं वाटून म्हणत नव्हती, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणत होती.

सकाळी प्रज्ञा गाडी चालवत होती आणि सोपान बाहेर बघत होता. पाय दुखत होते. मंचर मागं पडलं, अवसरी आली. घरापुढं मांडव होता, लोक जमलेले, बुद्धांच्या प्रतिमेशेजारी तो ओळखपत्रातला फोटो. त्रिसरण, पंचशील झालं. मग एकेकजण बोलले. सरपंच बोलले. तिच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी बोलले, आदर्श शिक्षिका म्हणाले, विद्यार्थिप्रिय म्हणाले, आणि शेवटी म्हणाले की बाईंना एक आगळावेगळा छंद होता, तो आपल्या सर्वांना माहीतच आहे. मांडवात हलकं हसू फिरलं. वाईट नव्हतं ते हसू, सवयीचं होतं. सोपान उठला. प्रज्ञा चमकली. तो दुखऱ्या पायांनी माईकपाशी गेला.

"छंद न्हवता तो," तो म्हणाला. "मला सरड्याची लई भीती. अजून हाय. ती मला कधी म्हणली न्हाई का भिऊ नका. आन् मी तिला कधी म्हणलो न्हाई का जाऊ नको. आमचा संसार असा झाला." मग त्यानं बाजार सांगितला. चादर, मोडलेल्या पाठी, कढई, बाप्ये हसत होते ते, त्यांच्यातले दोघं ओळखीचे होते तेही. तीन जनावरं पुरली ते सांगितलं. त्यानं स्वतः एकाला उचललं ते सांगितलं नाही. ते त्याला मोठ्यानं म्हणता येईना. "त्या टायमाला मी मागं हुबा व्हतो," तो म्हणाला. "ती मातीत बसली व्हती, आन् मला वाटलं, ही आपली बायको हाय. एवढंच वाटलं. दुसरं काय न्हाई." आणि तो खाली बसला.

जेवणं झाली. पंगती उठल्या, भांडी वाजायला लागली. फुलाबाई वहिनी काठी टेकत त्याच्याजवळ आली. तिनं आयुष्यभर ज्योत्स्नाला बोलून घेतलं होतं. बाईमाणूस, लेकरू टाकून, भर उन्हाळ्यात. आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सोपान, ती काय बघत बसायची, मला दाव ते. म्या कधी बघितलं न्हाई. नुसतीच बोलत आले." त्यानं सांगितलं, ऊन लई हाय, वहिनी. ती म्हणाली, असू दे.

तो, फुलाबाई, प्रज्ञा, मागून आणखी चार-पाच बायका, असे सगळे घरामागच्या माळावर गेले. वाळलेलं कुसळी गवत, तांबडी खडी, लांबवर इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारती. बराच वेळ काहीच दिसलं नाही. बायकांनी पदर डोक्यावर ओढले. सोपानला वाटलं, आपल्याला दिसायचंही नाही, आपण कधी नीट बघितलंच नाही, आपण तिच्याकडं बघत बसायचो. मग एका दगडावर काहीतरी हललं. लहानसा, मातकट सरडा, असेल नसेल असा. मानेवर मुंग्या आल्या. तो मागं सरकला नाही. सरडा पुढच्या पायांवर उंच झाला आणि त्यानं गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली: निळी, काळी, आणि खाली शेंदरी, इतकी लख्ख की एका बाईच्या तोंडातून आवाज निघाला. मिटली. पुन्हा उघडली. आसपास दुसरा सरडा नव्हता, कुणीच नव्हतं, नुसता माळ.

फुलाबाईनं भिंगांच्या आडून डोळे बारीक केले. ती काठीवर पुढं वाकली आणि शाळेतल्या पोरीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "आन् ह्यो दावतोय तरी कुणाला रं?"

सोपानला ते माहीत नव्हतं. ज्योत्स्नाला विचारावं म्हणून तो डावीकडं वळला.